ठासणीच्या रायफलीसाठी साइझिंग डाय: उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचं काम

घरच्या ठासणीच्या रायफलीसाठी मी साइझिंग डाय, म्हणजे ओतलेली गोळी दाबून नेमक्या मापाची करणारा ठोकळा, एका वर्कशॉपकडून करून घेतली. आधी निकाल सांगतो. काम उत्तम, पैसे योग्य, वेळ मात्र शब्द दिल्यापेक्षा बराच जास्त लागला. ज्यांच्या घरात परवान्याची, चर (आतून फिरत गेलेल्या खाचा) असलेल्या नळीची ठासणीची रायफल आहे आणि जिची गोळी एक तर निम्म्यावर अडकते नाहीतर सुळकन खाली जाते, त्यांनी हे सगळं वाचावं. ज्यांची नळी आतून गुळगुळीत आहे त्यांना यातलं मोजमापाचं तेवढं उपयोगी पडेल.

वर्कशॉप बेळगावात उद्यमबागेत आहे. पत्र्याची शेड, दोन लेथ, एक ग्राइंडर, एक होनिंग मशीन (भोक आतून घासून नेमक्या मापाला आणणारं) आणि मागे छोटी, पण खरोखर स्वच्छ ठेवलेली इन्स्पेक्शनची खोली. रोजचं काम हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच तसं सांगितलं: "बंदुकीच्या कामाची गर्दी नको ओ मामा आमच्या दारात. ओळखीनं यायचं, लायसन दाखवायचं, मग बघू की." मला ते पटलं. अशी कामं वाटेल त्याला करून देणाऱ्यापेक्षा कागद मागणारा माणूस बरा.

माझी नोकरी याच भागात गेली, हायड्रॉलिकच्या इन्स्पेक्शनमध्ये. स्पूल (व्हॉल्व्हच्या आत सरकणारा दांडा) आणि बॉडी जोडीनं लॅप करतात, म्हणजे एकमेकांत घासून बसवतात, जोडीनं नंबर टाकतात आणि या बॉडीचा स्पूल त्या बॉडीत चालवत नाहीत. ड्रॉइंगवर माप एकच असतं, पण फिट ठरतो तो त्या त्या भोकावर. ठासणीच्या रायफलीचं असंच आहे. नळीवर किंवा कागदावर ५७७ (म्हणजे ०.५७७ इंच) लिहिलेलं असलं तरी ती झाली जात. नळीचं माप नव्हे. शंभर-दीडशे वर्षं गज (गोळी ठासायची दांडी) चाललेली, पावसाळे पाहिलेली, कधी कुणी काथ्यानं घासलेली, कधी निवडणुकीत जमा करून महिन्यांनी परत आणलेली नळी कुठे किती उरली आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून या वर्कशॉपचं मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर त्यांनी आधी नळी मोजली आणि मगच स्टील कापलं.

रायफल घरातली आहे, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अंगाला आमचं गाव. आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे लायसनसह आली. घडण १८५३ च्या एनफिल्ड नमुन्याची: ३९ इंची नळी, दस्त्याला नळी बांधणारे तीन पट्टे, आत तीन चर. या नमुन्यात चरांचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होतो, म्हणजे गोळी तोंडाबाहेर पडेपर्यंत जवळपास अर्धा फेरा फिरते. आमच्या भागात अशा चर असलेल्या रायफली थोड्याच दिसतात. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातात मुद्दाम चर नसलेली, ०.६५६ इंच नळीची बंदूक दिली होती, हा इतिहास लक्षात घेतला की घरात तीन चरांची नळी असणं किती जपण्यासारखं आहे ते कळतं.

डुकरं आणि गवे भातात, उसात उतरतात हे खानापूरकरांना सांगायला नको. पण त्यांच्यावर गोळी झाडण्याचा विषय इथे नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि राखणीला नुसत्या दारूचा बार पुरतो. मी गोळी भरतो ती फक्त परवानगीच्या रेंजवर, ५० मीटरवरच्या कागदासाठी. गोळी ओतणं, दारू बाळगणं याबाबत ज्यानं त्यानं आपल्या लायसनवरच्या अटी वाचाव्यात आणि शंका असेल तर लायसन ब्रँचमध्ये आधी विचारून घ्यावं.

आता मूळ अडचण. या रायफलीची गोळी मिनिए जातीची. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकाच्या शेवटी ती आणली. टोकाला निमुळती, मागून पोकळ. पोकळीभोवतीची शिशाची कड पातळ असते; बार झाला की दारूचा वायू त्या पोकळीत शिरतो, कड फुगते आणि चरांत घट्ट बसते. म्हणजे गोळी भरताना नळीपेक्षा बारीक आणि सुटताना नळीएवढी. सगळी हुशारी या "बारीक"मध्ये आहे. जास्त बारीक झाली तर कड चरांपर्यंत पोहोचेपर्यंत वायू बाजूनं निसटतो आणि गोळी वाकडीतिकडी जाते. नळीएवढीच ठेवली तर दोन बार झाल्यावर दारूच्या काजळीत अडकते. नळीच्या उंचवट्यांवरच्या (दोन चरांमधल्या भागावरच्या) मापापेक्षा साधारण एक ते दोन थाऊ कमी, हा या गोळीचा ठरलेला हिशोब. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन.

इंग्रजांनाही हे इथेच, हिंदुस्थानात, नीट कळलं. एनफिल्डची त्यांची गोळी आधी ०.५६८ इंच होती, कागदात गुंडाळून भरायची. उन्हात, काजळलेल्या नळीत ती भरेना, म्हणून पुढे तिचं माप ०.५५० वर आणलं. त्या काडतुसाच्या वंगणावरून काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या शेजारी कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं ३१ जुलै १८५७ ला उठाव केला. लोक वंगणाबद्दलच बोलतात. गोळीच्या मापाबद्दल कुणी बोलत नाही, पण त्या बंदुकीपुढचा रोजचा कामाचा प्रश्न मापाचाच होता.

आमच्याकडे रायफलीबरोबर आलेला लोखंडी साचा आहे. त्यातली गोळी ०.५८१ ते ०.५८२ निघते. आजोबांच्या काळी ती गजावर लाकडी हातोडा मारून बसवत. दुसरा एक साचा मिळाला होता, त्याची गोळी ०.५७२, ती नळीचं तोंड खाली केलं की पुढे सरकते. हे धोक्याचं आहे आणि यावर मी थोडा थांबणार आहे. ठासणीच्या बंदुकीत गोळी दारूवर टेकलेलीच हवी. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली आणि बार झाला, तर त्या जागी नळी फुगते, फाटतेसुद्धा. म्हणून सैल गोळी हा नेमबाजीचा प्रश्न नंतर, जिवाचा आधी. गजावर दोन खुणा कायमच्या कोरून घ्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची, आणि प्रत्येक वेळी बघा.

तेव्हा रस्ता एकच: मोठी गोळी ओतायची आणि नेमक्या मापाच्या डायमधून दाबून काढून ती बारीक करायची. तयार डाय परदेशातून मागवता येतात, पण त्या ठरावीक मापांत येतात. माझ्या नळीला कुठलं माप हवं हेच ठाऊक नसताना ऑर्डर कसली द्यायची?

वर्कशॉपच्या मालकांची पहिली अट मला फार आवडली: रायफल तिथे आणायची नाही. लायसन बघितलं, साच्यातल्या गोळ्या ठेवून घेतल्या आणि म्हणाले, "नळी तुमच्या घरातच राहू दे. गेज मी देतो, मोजा तुम्ही. तुमचं कामच ते होतं की."

आणि त्यांनी खरंच पितळी प्लग गेजचा, म्हणजे नेमक्या जाडीच्या गोल तुकड्यांचा, संच करून दिला. ०.५७६५ पासून ०.५८१० पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या थाऊच्या पायरीनं. प्रत्येकाच्या बुडाला गजाच्या टोकाचे आटे, म्हणजे आपल्याच गजाला लावून आत सोडायचा आणि ओढून काढायचा. कडा मारलेल्या, माप कोरलेलं. पितळ का, तर नळीला ओरखडा नको. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

प्लग गेजच का, हेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. नळी मोजायची रूढ पद्धत म्हणजे मऊ शिशाचा गट्टू तेल लावून नळीत ठोकायचा, स्क्रूनं ओढून बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा. चार किंवा सहा चर असतील तर ठीक. पण तीन चरांच्या नळीत एका चराच्या बरोबर समोर चर नसतो, उंचवटा असतो. साध्या मायक्रोमीटरचे दोन जबडे मग एक इथे, एक तिथे बसतात आणि येणारा आकडा ना चरांचा असतो ना उंचवट्यांचा. तीन धारांच्या रीमरला लागतो तसा व्ही आकाराच्या जबड्याचा मायक्रोमीटर असेल तर शिशाच्या गट्टूवरून चरांचं माप मिळतं. तो त्यांच्या खोलीत होता आणि त्यांनी लावूनही पाहिला. पण आपल्याला डायसाठी हवं असतं ते उंचवट्यांचं माप, आणि त्याला सरळ प्लग गेज. जातो किंवा जात नाही, वाद नाही.

मोजण्याआधी नळी गरम पाण्यानं धुतली, कोरडी केली, तेलाचा अगदी हलका हात दिला. निपल (बुडाजवळची पोकळ खुंटी, जिच्यावर ठिणगीची केप बसते) काढून ठेवलं, म्हणजे आत हवा कोंडून गेज उगाच अडल्यासारखा वाटू नये. निघालेला नकाशा असा: ०.५८०० चा गेज तोंडात चार बोटं जातो आणि थांबतो. ०.५७८० चा बराच खाली जातो, पण बुडाच्या वर वीतभर अंतरावर अडतो. ०.५७७५ चा अंगठ्याच्या दाबानं तळापर्यंत जातो. म्हणजे तोंडाशी नळी अडीच थाऊनं मोठी झाली आहे. लोखंडी गज वर्षानुवर्षं एकाच कडेला घासत गेला की हे होतं; म्हणून आता गजावर पितळी फिरकी घालतो, तीसुद्धा त्यांच्याकडूनच करून घेतली. नळीचं तोंड बघून कुणी डाय केली असती तर गोळी ०.५७९ ची झाली असती आणि खाली जाऊन रुतली असती. माप घ्यायचं ते सगळ्यात अरुंद जागेचं. त्यावरून एक थाऊ कमी, म्हणून डायचं लक्ष्य ०.५७६५ इंच, १४.६४३ मिलिमीटर ठरलं.

डाय एन-३१ ची, म्हणजे बेअरिंगच्या पोलादाची. टर्निंग करून, कडक करून, मग होनिंग. आत शिरतानाचा उतार लांब आणि आरशासारखा पॉलिश केलेला, कारण पाच थाऊ शिसं एकदम दाबायचं तर ते खरवडलं जाता कामा नये. पहिल्यांदा दिली तेव्हा गोळी ०.५७६८ येत होती, डायपेक्षा किंचित मोठी. शिसंही दाब सुटल्यावर जराशी उसळी घेतं. होन करून भोक वाढतं, कमी होत नाही; म्हणून मालकांनी कुरकुर न करता डाय परत घेतली आणि गोळीचं माप ०.५७६५ येईल अशी किंचित बारीक भोकाची दुसरी करून दिली. "डायचं माप मला नको, गोळीचं सांगा," हे त्यांचं वाक्य मी माझ्या जुन्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावलं असतं.

डायपेक्षाही मला दाबण्याचा पंच आवडला. मिनिएची मागची कड पातळ असते. सपाट पंचानं दाबलं तर कड आत वळते, आणि कड वळली की गोळी वाया. त्यांनी पंचाचं टोक पोकळीच्या आकाराचं केलं, पोकळीत जरा सैल बसेल असं, आणि दाब पोकळीच्या तळावर येईल अशी खांदी ठेवली. त्यासाठी माझ्या गोळ्यांपैकी एक मधोमध कापून आतला कोन मोजला. या पंचाचे वेगळे पैसे लावले नाहीत. लावले असते तरी दिले असते.

शिशाबद्दल थोडं. डाय कितीही चांगली असली तरी शिसं मऊ, शुद्धच हवं. टायरच्या बॅलन्सिंगच्या वजनांत अँटिमनी असतं. ते कडक पडतं, बार झाल्यावर कड फुगत नाही, आणि डायमधूनही जोरानं काढावं लागतं. बॅटरीच्या प्लेटांचं शिसं तर घरात वितळवूच नये, त्यातून विषारी धूर निघतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं. उघड्या हवेत, कोरड्या साच्यात ओता. पाण्याचा एक थेंब पडला तर शिसं उडून अंगावर येतं. हात साबणानं धुतल्याशिवाय चहासुद्धा घेऊ नका, आणि मुलं जवळ नकोत.

दाबताना मी मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून केलेलं वंगण लावतो. मेण कणकुंबीकडच्या मधवाल्यांकडून मिळतं. तेच वंगण गोळीच्या खाचांतही भरतो. काळ्या दारूबरोबर गाडीचं ग्रीस किंवा मशीन ऑइल वापरू नका, काजळी डांबरासारखी चिकटते. डाय मात्र वापरून झाल्यावर मशीन ऑइल लावूनच ठेवायची. आमच्याकडच्या पावसाळ्यात एन-३१ दोन रात्रींत गंजतं.

रेंजवरचा अनुभव. जुन्या साच्याची न दाबलेली गोळी मी कधी भरलीच नाही, त्यामुळे तुलना ०.५७२ वाल्या सैल गोळीशी, तीही नळी वर धरूनच भरलेली. ती ५० मीटरवर कागदभर पसरायची आणि काही भोकं लांबट पडायची, म्हणजे गोळी आडवी होऊन जात होती. डायमधून काढलेली गोळी गजाच्या वजनाला जरासा हात लावला की सरळ तळाशी जाते, नळी उलटी करून हलकं आपटलं तरी जागची हलत नाही (ही परीक्षा दारू न भरता, केप न लावता, घरीच करायची), आणि कागदावर तळहाताच्या आत, गोल भोकं पाडते. मला सगळ्यात समाधान त्या गोल भोकांचं वाटलं. काजळी साचली की मात्र अजूनही मधूनमधून ओल्या चिंधीनं नळी पुसावी लागते. एक थाऊचीच मोकळीक ठेवली आहे, तेव्हा ते होणारच. दोन थाऊ कमी केली असती तर जास्त बार न पुसता झाले असते, पण तोंडाशी आधीच सैल असलेल्या नळीत मला तेवढी ढील द्यायची नव्हती.

आता तक्रार. "पुढच्या आठवड्यात" म्हणाले आणि हातात यायला पावसाळ्याचा अर्धा भाग गेला. हीट ट्रीटमेंट बाहेरून होते, तिथे छोटा जॉब मोठ्या लॉटची वाट बघत पडून राहतो. हे मला ठाऊक आहे, पण मग आधीच महिना-दीड महिना सांगावं. फोन लवकर उचलत नाहीत. बिल मागितल्यावर दिलं, पण मागावं लागलं. "टूल, डाय-पंच संच" असं स्पष्ट लिहून घ्या आणि लायसनच्या कागदांबरोबर ठेवा.

पैसे: डाय आणि पंच मिळून २,८०० रुपये, प्लग गेजच्या संचाचे १,५००. गेज परत देणार असाल तर ५०० भाडं. मी संच ठेवून घेतला, कारण नळी झिजत जाते आणि वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा मोजायचीच आहे. ज्यांना डायचे पैसे जास्त वाटतील त्यांनी निदान ५०० देऊन गेज घरी आणून नळी मोजावी. आपल्या नळीचे खरे आकडे हातात असले की पुढची डाय कुठूनही मागवता येते.

हाताच्या लिव्हरची प्रेस त्यांच्याकडे मिळत नाही. मी डाय बेंच व्हाइसच्या जबड्यांत धरून, पंच स्क्रूनं हळू दाबतो. हातोडीनं मारून काढू नका, गोळीचं टोक तिरकं होतं. व्हाइसचे जबडे जुने, झिजलेले असतील तर डायखाली सपाट ठोकळा घ्या.

जाताना लायसनची मूळ प्रत आणि झेरॉक्स, तुमच्या साच्यातल्या पाच-सहा न दाबलेल्या गोळ्या आणि गजाच्या टोकाचे आटे कुठले आहेत ते लिहून न्या. जुन्या गजांचे आटे सगळे सारखे नसतात. गजाचं टोक फिरून निघत असेल तर तेवढंच काढून घेऊन गेलेलं उत्तम. सकाळी व्हॉल्व्हच्या लॉटची घाई असते, तेव्हा कुणी बोलत नाही. पाचनंतर गेलात तर मालक स्वतः इन्स्पेक्शनच्या खोलीत बसलेले असतात.